लेकीची दिल्लीतली रात्रपाळी

प्रश्न: ताई, माझी लेक दिल्लीला केंद्र सरकारच्या आपत्ती कंट्रोल रूममधी लागलीय. कधी दिवसपाळी, कधी रात्रपाळी. रात्रभर जागून नेमकं काय बघतात ओ? लई काळजी वाटती.
– एक आई, औसा

उत्तर: अक्का, गृह मंत्रालयाची ही रूम चोवीस तास चालू असते, हवामान खात्याचे इशारे, केंद्रीय जल आयोगाकडून नद्यांची पातळी, भूकंपाच्या नोंदी, राज्यांचे फोन असं सगळं येत राहतं आणि त्यातलं खरं काय, वाढणार काय हे बघून वरती कळवायचं. तुमच्या तालुक्याला तर हे सांगायलाच नको, किल्लारीचा भूकंप ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे ३.५६ ला झाला, गणपती विसर्जन उरकून सगळे गाढ झोपलेले. कोणीतरी जागं पाहिजेच ना!

सगळ्यात जपायचं ते पाळी बदलतानाचं. निरोप अर्धवट राहिला की पुढच्या माणसाला काहीच कळत नाही, म्हणून ड्यूटी संपली तरी ती लगेच फोन उचलणार नाही, रागावू नका. रात्रपाळीनंतर खोलीत अंधार करून झोपू द्या तिला, पाळीच्या शेवटी चहा नको म्हणावं. आणि गावात पाणी चढलं तर आधी जिल्ह्याच्या १०७७ ला फोन लावा, लेकीला नंतर.