तीनशे शिलिंगांचे रुपये किती?

प्रश्न : आजोबा नैरोबीला नोकरीला होते. त्यांच्या १९५५च्या पत्रात '३०० शिलिंग पाठवले' असं आहे. सदाशिव पेठेत आजीच्या हाती किती रुपये पडले असतील? पत्रासोबत १० सेंटचं भोकाचं नाणंही सापडलं.

उत्तर : दोनशे, त्यातून बँकेचं कमिशन वजा. पूर्व आफ्रिकेचा शिलिंग ब्रिटिश शिलिंगाच्या बरोबरीचा, म्हणजे १२ पेन्सचा. आपला रुपया १९२७पासून १८ पेन्सचा. दीड शिलिंगाला रुपया! १९४९मध्ये पौंड घसरला तेव्हा दोघंही त्याच्यासोबत घसरले, म्हणून दर जागचा हलला नाही. मी १९६४ला बँकेत चिकटलो तेव्हा आमचे हेडक्लार्क म्हणायचे, "तिसरा हिस्सा वजा करा, उरले ते रुपये." ही युक्ती ६ जून १९६६ला मोडली. रुपयाचं अवमूल्यन झालं आणि त्याच ३०० शिलिंगांचे साधारण ३१५ रुपये होऊ लागले. (गंमत म्हणजे १९२०पर्यंत केनियात रुपयाच चालायचा.)

१० सेंट म्हणजे शिलिंगाचा दहावा भाग, त्यामुळे नाण्याची किंमत तेव्हा एका आण्याहून किंचित जास्त. आपल्या भोकाच्या पैशात मिसळू नका, आणि घासूनपुसून चकचकीत तर मुळीच करू नका. जुन्या बाजारात त्यानेच भाव पडतो.