गाडी उलटी लावावी की सुलटी?

प्रश्न : आमचं घर गुहागर तालुक्यात, रस्त्याच्या वरच्या अंगाला. गेटातून चिऱ्याच्या चढावरून गाडी अंगणात येते. यजमान गाडी सरळ आत घेतात आणि सकाळी रिव्हर्समध्ये रस्त्यावर उतरवतात. मुलगा पुण्याहून आला की गाडी उलटी लावतो. यावरून दोघांचं रोज वाजतं. मी यंदाच गाडी शिकले. कोणाचं ऐकू?

उत्तर : ताई, मुलाचं ऐका.

गाडी कशीही लावा, रिव्हर्स एकदा टाकावाच लागतो. तो कुठे टाकायचा एवढंच आपल्या हातात. घरी येताना अंगण समोर दिसतं, तिथे कोण आहे नाही ते बघून मागे जाता येतं. सकाळी मागे रस्ता असतो. दोन्ही बाजूंना गडगा, त्यावर श्रावणात माजलेलं रान. तुम्ही बसणार गाडीच्या मध्यावर, त्यामुळे तुम्हाला रस्ता दिसेपर्यंत डिकी रस्त्यात गेलेली असते. उतारावरून सायकल सोडून येणाऱ्या शाळेच्या पोराला तेवढ्यात ब्रेक लागत नाही. तोंड बाहेर असेल तर बॉनेटभर पुढे आलात की दोन्हीकडचं दिसतं.

मी एसटीत गाडी चालवली, पुढे डेपोत नव्या चालकांना शिकवलं. यजमान म्हणतील, एसटी तर फलाटाला तोंड लावून उभी राहते. बरोबर आहे. प्रवाशाला पाटी वाचता आली पाहिजे. पण गाडी मागे घेताना कंडक्टर खाली उतरून शिट्टी देतो, आणि शिट्टी थांबली की चालकाचा पाय ब्रेकवर गेलाच पाहिजे. तुमच्या गेटावर रोज सकाळी असं कोणी उभं राहत असेल, तर यजमानांची रीतही चालेल.

तुमच्या चढाचं आणखी एक आहे. पावसाळ्यात चिऱ्यावर शेवाळ धरतं आणि चाकं जागच्या जागी फिरतात. आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांची पुढची चाकं ओढतात. तोंड वर करून चढलात की गाडीचा भार मागच्या चाकांवर जातो, पुढची हलकी होतात आणि घसरतात. रिव्हर्समध्ये चढलात की तीच चाकं खालच्या बाजूला येतात, त्यांच्यावर भार पडतो आणि पकड मिळते. जुलैत एकदा दोन्ही करून बघा, फरक स्टिअरिंगवरच कळेल. तरी शेवाळ खराट्याने घासून काढा, ते आधी.

आता उलटी कशी लावायची. गेट डाव्या हाताला येतं का, ते तुमचं तुम्ही बघा. मी तसं धरून सांगतो. मागे गाडी असेल तर इंडिकेटर देऊन तिला आधी जाऊ द्या. गेट ओलांडून पुढे जा, गेटाचा खांब मागच्या दाराच्या काचेपाशी आला की थांबा. डावा आरसा इतका खाली वळवा की मागचं चाक आणि गटाराची कड दोन्ही दिसतील. मग स्टिअरिंग गेटाच्या बाजूला, म्हणजे डावीकडे, फिरवून अर्ध्या क्लचवर, गोगलगायीच्या चालीने मागे. वळतात पुढची चाकं, त्यामुळे मागची बाजू खांबाजवळून आत शिरते आणि तोंड मोकळ्या रस्त्यावर फिरतं. सरळ आत घेताना याच्या उलट होतं : मागचं चाक कोपरा कापतं आणि खांबाला दार घासतं. गाडी गडग्याला समांतर झाली की स्टिअरिंग सरळ करा. चढावर बंद पडली तर घाबरू नका. आधी हँडब्रेक, मग बाकीचं.

हे आधी सपाटीवर शिका. पाऊस सरला की सड्यावर दोन रिकाम्या आंब्याच्या पेट्या गेटाएवढ्या अंतरावर ठेवा आणि हात बसेपर्यंत त्यांच्यामधून मागे घ्या. १ जुलै २०१९ पासून नव्या गाड्यांना मागचे सेन्सर सक्तीचे आहेत, तुमची गाडी त्यानंतरची असेल तर तिलाही असतील. पण खारी हवा आणि लाल धूळ त्यांच्यावर आणि कॅमेऱ्याच्या काचेवर बसते, ती ओल्या फडक्याने पुसत जा. आणि रिव्हर्स टाकण्याआधी एकदा उतरून गाडीमागे बघा. बुटकं मूल आरशात येत नाही. हे मी प्रत्येक चालकाला सांगत आलो आहे, तुम्हालाही कळकळीने सांगतो.

गाडी अशी उभी केलीत की तोंड उताराकडे राहील. म्हणून हँडब्रेकसोबत रिव्हर्स गिअर टाकून ठेवा आणि चाकापुढे दगड लावा. सायलेन्सर पडवीकडे येईल, तेव्हा सुरू करून तिथेच घुरघुरत ठेवू नका.

सरळ लावावी ती कुठे? बाजारात, जिथे मागे भिंत येऊन डिकी उघडत नाही आणि सामान भरायचं असतं. तिरके पट्टे मारले असतील तिथेही पट्टे ज्या दिशेला आहेत तसंच शिरा. आणि तुमचं गेट वळणाला लागून असेल, तर रस्त्यात थांबून मागे घेणंच धोक्याचं. तिथे दोन्ही वेळी कोणीतरी वळणावर उभं राहायला हवं.

प्रश्न : गणपतीत वाडीत मुंबईच्या गाड्या येतात आणि देवळापुढच्या जागेत एकमेकींना अडकून बसतात. काय करावं?

उत्तर : ज्याला आधी निघायचं तो रस्त्याच्या बाजूला. दीड दिवसाचा गणपती ज्यांचा, त्यांच्या गाड्या बाहेर. गौरीबरोबर विसर्जन असणाऱ्यांच्या आत. सगळ्या उलट्या, तोंडं रस्त्याकडे. वाडीतली दोन जाणती पोरं आदल्या दिवशी चुना मारून जागा आखू देत आणि रुग्णवाहिका आत शिरेल एवढी वाट मधोमध मोकळी सोडू देत. त्या वाटेवर कोणाचीही गाडी नको, पाहुण्याची पाच मिनिटांसाठीसुद्धा.