ठिबकनं वाचलेलं पाणी जातं कुठं?

प्रश्न : वडिलांच्या काळी आमच्या विहिरीला पाणी असायचं, आता बोअर सातशे फुटांवर गेलंय. मुलानं चार एकर उसाला ठिबक केलं. तो म्हणतो, पाणी वाचलंय तर आणखी चार एकर ऊस लावू. मला धास्ती वाटते. पोराला वाढू नको म्हणणं चूक आहे का?
– एक शेतकरी, ता. औसा, जि. लातूर

उत्तर : दादा, तुमची धास्ती रास्त आहे. विहिरींची पातळी मोजण्यात माझं आयुष्य गेलं. आपल्या काळ्या पाषाणाच्या मुलखात पाणी साठतं ते मुख्यतः वरच्या मुरमात आणि झिजलेल्या खडकात; ते पावसाळ्यात भरतं. त्याखाली कठीण खडक, भेगांतून थोडंफार पाणी. सातशे फुटांवरून उपसता ती जुनी ठेव आहे, एका पावसानं ती भरून येत नाही.

ठिबक चांगलंच आहे. पण पाटानं दिलेल्या पाण्यातलं काही परत मुरून विहिरीला मिळायचं. ठिबकवरचा ऊस मात्र स्वतःला लागतं तेवढं पितोच, आणि एकर दुप्पट केले की पिणंही दुप्पट. मुलाचा हिशेब एकराचा आहे, शिवाराचा कुणीच करत नाही. जेव्हन्स या इंग्रज अर्थतज्ज्ञानं १८६५ मध्ये हेच कोळशाबद्दल दाखवलं होतं : वॅटच्या वाफेच्या इंजिनाला कोळसा कमी लागला, म्हणून ते परवडलं, सगळीकडे पसरलं आणि देशाचा एकूण खप वाढला.

लातूरकडं सरासरी पाऊस ८०० मिलिमीटरच्या आसपास. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, ते तुम्ही पाहिलंय.

पोराला वाढू नको म्हणू नका. वाढ कशाची, ते विचारा. अहिल्यानगर (पूर्वीचं नगर) जिल्ह्यातल्या हिवरे बाजार गावानं शेतीसाठी बोअर बंद केले, ऊस-केळी नाकारली. पावसाळा सरला की गाव पाण्याचा ताळेबंद मांडतं आणि त्यावर रब्बीची पिकं ठरतात. तिथं दूध वाढलं, उत्पन्न वाढलं, उपसा मात्र पावसाच्या मापात राहिला.

दोष एकट्या मुलाचा नाही. उसाच्या एफआरपीला, म्हणजे कारखान्यानं द्यायच्या किमान दराला, कायद्याचं बळ आहे, तुरीचा हमीभाव जाहीर होतो पण बाजारात मिळेलच असं नाही. हे बदलेपर्यंत शेतकरी उसाकडंच जाणार आणि त्याला बोल लावणं मला अन्यायाचं वाटतं. तरीही नवे चार एकर ऊस नको. तिथं तूर, हरभरा घ्या, आणि दसऱ्यानंतरच्या ग्रामसभेत शिवाराच्या पाण्याचा ताळेबंद मागा. मुलालाच मांडायला सांगा.