देश बदलला म्हणजे पळून गेला का?

प्रश्न: 2024 च्या टी-20 वर्ल्डकपमधे अमेरिकेकडून खेळणाऱ्या सौरभ नेत्रावळकरने आपल्या कोहली आणि रोहित दोघांना काढलं तेव्हा आमच्या घरात अक्षरशः दोन पार्ट्या पडल्या. बाबा म्हणतात भारताकडून अंडर-19 खेळलेल्या मुलाला दुसऱ्या देशाकडून खेळूच कसं देतात, ही गद्दारी आहे. तुमचं काय मत? (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर: बाबांना माझा नमस्कार सांगा, पण मला पटत नाही. सौरभ 2010 चा अंडर-19 वर्ल्डकप खेळला, केएल राहुल, मयंक अगरवाल, उनाडकट सगळे त्याच टीममधे, आणि त्यात भारताकडून सगळ्यात जास्त विकेट यानेच काढलेल्या. त्यानंतर मुंबईकडून रणजी किती मिळाल्या? एक! 2013-14 च्या सीझनमधे कर्नाटकविरुद्ध, बस. तोवर कंप्युटर इंजिनियरिंग झालेलं होतं, मग गडी 2015 मधे कॉर्नेलला मास्टर्स करायला गेला, नंतर ओरॅकलमधे नोकरीला लागला आणि तिकडे क्लब क्रिकेट खेळता खेळता अमेरिकेच्या टीममधे आला, कॅप्टनही झाला. आता यात त्याने कोणाला सोडलं ते मला सांगा. इकडे त्याच्यासाठी जागा रिकामी ठेवून कोणी बसलं नव्हतं.

नियम म्हणाल तर आयसीसी तीन गोष्टी बघते, जन्म कुठला, पासपोर्ट कुठला, किंवा सलग तीन वर्षं तिथे राहताय का. तीनपैकी एक बसलं की झालं. म्हणजे राहण्याच्या नियमात बसलात तर पासपोर्ट बदलायचीही गरज नसते, हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं.

आणि ती न्यूयॉर्कची मॅच परत बघा एकदा. रोहित आऊट झाला तो कॅच कोणी घेतला, तर हरमीत सिंगने, तोही मुंबईचाच आणि 2012 च्या अंडर-19 वर्ल्डकप विनर टीममधला. पुढे सूर्यकुमारचा कॅच सुटला तो सौरभच्याच हातून, आणि शेवटी सूर्या आणि दुबे या दोघांनी मॅच काढली. रोहित, सूर्या, दुबे, सौरभ, हरमीत... आझाद मैदानावर मुंबईच्या क्लबांची कांगा लीग चालल्यासारखं वाटत होतं सगळं! बाय द वे त्याच्या सहा दिवस आधी डॅलसजवळ मॅच टाय झाल्यावरच्या सुपर ओव्हरमधे पाकिस्तानला 19 हवे होते आणि सौरभने 13 दिले, समोरचा कॅप्टन बाबर आझम. 2010 मधे अंडर-19 ची क्वार्टर फायनल पाकिस्तानने आपल्याकडून जिंकली होती तेव्हा हे दोघं समोरासमोरच्या टीममधे होते. डॅलसला पाकिस्तान हरलं त्या रात्री बाबा ओरडले नाहीत ना गद्दार म्हणून?

प्रश्न: मग उद्या एखादा आज या देशाकडून, उद्या त्या देशाकडून असंही करू शकेल का? (एक वाचक, सांगली)

उत्तर: क्रिकेटमधल्या छोट्या, म्हणजे टेस्ट न खेळणाऱ्या देशातून मोठ्या देशात जाताना पटकन, उलटं जाताना थांबावं लागतं. ऑयन मॉर्गन एप्रिल 2009 पर्यंत आयर्लंडकडून (तेव्हा ते टेस्ट खेळत नव्हते) खेळत होता आणि मे मधे इंग्लंडकडून! पुढे 2019 चा वर्ल्डकप त्यानेच इंग्लंडला जिंकून दिला. पण आधी टेस्ट खेळणाऱ्या देशाकडून खेळलात तर तीन वर्षं गप्प बसा. कोरी अँडरसन आठवतो का, 36 बॉलमधे वनडे सेंच्युरी मारलेला? न्यूझीलंडकडून शेवटचं 2018 मधे खेळला आणि अमेरिकेकडून उतरला तो डायरेक्ट 2024 मधे, कारण राहण्याची तीन वर्षंही भरायची होती. मला स्वतःला हे अन्यायाचं वाटतं, छोट्या बोर्डाने पोरगं तयार करायचं आणि मोठ्याने महिन्याभरात उचलून न्यायचं.

बाकी केप्लर वेसल्सची केस वेगळीच आहे. वर्णद्वेषामुळे साऊथ आफ्रिकेवर बंदी होती म्हणून हा ऑस्ट्रेलियाकडून 24 टेस्ट खेळला, पहिल्याच टेस्टमधे ब्रिस्बेनला 162 मारले, आणि बंदी उठल्यावर 1991 मधे आपल्या ईडन गार्डन्सवर साऊथ आफ्रिका परत आली त्या मॅचमधे हाफ सेंच्युरी! नंतर त्यांचा कॅप्टनही झाला. आपल्याकडे इफ्तिखार अली खान पतौडी पहिली टेस्ट इंग्लंडकडून खेळले, सेंच्युरी मारली, आणि 1946 मधे भारताचे कॅप्टन म्हणून इंग्लंडला गेले. त्यांना कोण गद्दार म्हणतं?

प्रश्न: मुलगा 20 वर्षांचा आहे, लेफ्ट आर्म स्पिनर. राज्याच्या ट्रायल्समधे दोनदा राहिला. एक एजंट म्हणतो अमेरिकेला पाठवा, तीन वर्षांत इंटरनॅशनल खेळेल. पाठवू का? (एक आई, पुणे)

उत्तर: ताई, एजंटला आधी विचारा की तीन वर्षं मुलगा कोणत्या व्हिसावर राहणार आणि खाणार काय. तीन वर्षं राहिलं की खेळायची परवानगी मिळते, सिलेक्शन नाही. उन्मुक्त चंदने 2012 च्या अंडर-19 फायनलमधे नाबाद 111 मारले होते, 2021 मधे इथून रिटायर होऊन अमेरिकेला गेला, तीन वर्षं काढली आणि 2024 च्या वर्ल्डकप टीममधे नावच नव्हतं त्याचं. शिवाय बीसीसीआय आपल्या खेळणाऱ्या पुरुष क्रिकेटर्सना परदेशी टी-20 लीगमधे सोडत नाही, रिटायरमेंट घेऊनच जावं लागतं. शिक्षणासाठी अॅडमिशन मिळत असेल आणि खर्च झेपत असेल तर जरूर पाठवा, डिग्री होईल, क्रिकेट जमलं तर जमलं. फक्त क्रिकेटसाठी म्हणून एजंटच्या हातात पैसे देऊ नका, एक रुपयाही.

प्रश्न: देश सोडा, मुंबई सोडून गोव्याकडून खेळणं सोपं का? (एक वाचक, म्हापसा)

उत्तर: बरंच सोपं, आपल्या असोसिएशनची एनओसी लागते. अर्जुन तेंडुलकर 2022 मधे असाच तुमच्याकडे आला आणि रणजीच्या पहिल्याच मॅचमधे सेंच्युरी मारली. यशस्वी जैस्वालनेही 2025 मधे एनओसी मागितली होती, पण महिन्याभराने विचार बदलला आणि मुंबईतच राहिला.