आर्डुइनोवर केलेला तानपुरा पिपाणीसारखा का वाजतो?

आपण वापरलेली ‘टोन’ ही आज्ञा आर्डुइनो ऊनोवर (प्रोग्राम करता येणाऱ्या छोट्या इलेक्ट्रॉनिक पाटीवर) चौकोनी लहर आणि एका वेळी एकच स्वर देते, तर तानपुऱ्याचा प्राण जवारीमुळे (घोडीवर तार हलकेच घासून येणाऱ्या झंकारामुळे) उमटणाऱ्या स्वयंभू स्वरांत (मूळ स्वरातून आपोआप निघणाऱ्या वरच्या स्वरांत) आणि एकमेकींत मिसळणाऱ्या तारांच्या नादात असतो. परभणीच्या आमच्या भजनी मंडळासाठी मी मूळ ईएसपी-३२ हा मायक्रोकंट्रोलर निवडला, कारण त्यात ८ बिटांचे दोन डॅक (आकड्यांपासून हवी तशी विद्युत लहर बनवणारे भाग) आहेत. चारही तारांचे ध्वनिनमुने साठवून त्यांची बेरीज ॲम्प्लिफायरला द्यावी. पांढरी एकचा षड्ज १३०.८ हर्ट्‌झ धरल्यास खर्ज (खालचा षड्ज) ६५.४ आणि पंचम खर्जाच्या दीडपट, म्हणजे ९८.१ ठेवावा. हा पंचम पेटीवरून मात्र घेऊ नये, कारण समान अंतराने जुळवलेल्या पेटीत तो किंचित उतरलेला असतो आणि सलग गुंजनात ते कानाला खटकते. भारनियमनाच्या वेळी पॉवर बँक पुरते.