माझ्या राजीनाम्याची गोष्ट हेच सांगतात

प्रश्न : माझं वय ४१. सहकारी बँकेत नोकरीला होते. सासऱ्यांना अर्धांगवायू झाला, घरात कुणीतरी हवं म्हणून मी राजीनामा दिला. निर्णय माझाच, पण फार जड गेला. आता पाहुणे आले की हे हसत सांगतात, "हिला नोकरीचा कंटाळाच आला होता, बाबांचं निमित्त झालं." सगळे हसतात आणि मी पोह्यांच्या डिश वाटत असते. एरवी माणूस चांगला आहे. बहीण म्हणते, एवढ्याशा वाक्याचं काय घेऊन बसलीस! मी फार हळवी झालेय का? – एक वाचक, सातारा

उत्तर : नाही, ताई. वाक्य एवढंसं असलं तरी त्याने तुमचा त्याग कंटाळ्याच्या खात्यात टाकलाय.

अमेरिकेतल्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ डॅन मॅकॲडम्स १९८०च्या दशकापासून एक गोष्ट मांडत आलेत. स्वभाव आणि ध्येयं यांच्याइतकीच माणसाची ओळख घडते ती त्याने मनाशी जुळवलेल्या आयुष्याच्या कथेतून. काय घडलं, का घडलं, त्यातून मी कोण झालो. मुलाखतीत ते लोकांना आयुष्याची प्रकरणं पाडायला लावतात आणि मग विचारतात, वळण कुठे आलं? तुमचं वळण म्हणजे हा राजीनामा. नेमकं तेच प्रकरण तुमच्या देखत दुसरंच कुणी सांगतंय.

जोनाथन ॲडलर या मानसशास्त्रज्ञांनी मानसोपचार घेणाऱ्या ४७ जणांकडून उपचार सुरू असताना त्यांच्या कथा लिहून घेतल्या होत्या. त्यांचा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. कथेत 'मी ठरवलं, मी केलं' हा कर्तेपणा आधी वाढला आणि मनाचं बरं होणं त्यामागून आलं. तुमच्या यजमानांच्या विनोदात तुमचा हा कर्तेपणाच गायब होतो.

मात्र लगेच त्यांना खलनायक करू नका. माझा अंदाज सांगते (चुकीचाही असेल). 'माझ्या वडिलांसाठी बायकोने नोकरी सोडली' हे चारचौघांत म्हणायचं तर ऋण मान्य करावं लागतं. विनोदात ते टळतं. आपल्याकडच्या पुरुषांना बायकोचे आभार मानण्यापेक्षा तिची थट्टा करणं सोपं जातं, हे काय मी तुम्हाला नव्याने सांगायला हवं?

आणखी एक. मानसशास्त्रज्ञ मोनिशा पासुपती यांच्या प्रयोगांत दिसलंय, की ऐकणाऱ्याचं लक्ष नसेल तर सांगणाऱ्याची गोष्टच तोकडी होते. बहिणीने तर ऐकायच्या आधीच निकाल दिला. तुम्ही हा प्रसंग आजवर कुणाला सबंध सांगितलाय का? यजमानांना तरी?

पाहुण्यांसमोर वाद नको. रात्री दोघंच असताना 'तुम्ही नेहमी असंच करता' ने सुरुवात केलीत तर ते वकिली सुरू करतील. आधी विचारा, "बाबा आजारी पडले त्या दिवसांत तुमच्या मनात काय चाललं होतं?" त्यांना बोलू द्या. मग तुमचा शेवटचा दिवस सांगा. कॅश काउंटर सोडताना काय वाटलं, घरी येऊन कुणाला काही बोललात की सरळ स्वयंपाकाला लागलात, हे सगळं. पुढच्या वेळी पाहुण्यांत विषय निघाला की त्यांच्याआधी तुम्हीच सुरुवात करा, "मी नोकरी सोडायचं ठरवलं, कारण..."

एवढं ऐकूनही त्यांनी तोच विनोद केला, तर मात्र ती थट्टा राहिली नाही. तसं झालं तर मला पुन्हा लिहा, कारण मग माझं उत्तर वेगळं असेल.