स्विचच्या पोर्टचा स्पीड कर्नल ड्रायव्हरमध्ये नेमका कुठे सेट करायचा?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: रबाळ्याच्या कंपनीत बोर्ड ब्रिंग-अपचं (नवा बोर्ड पहिल्यांदा चालू करण्याचं) काम अंगावर आलंय. बोर्डवर मार्व्हलचा ८८ई६३५२ स्विच आहे आणि त्याचं पोर्ट ५ आरजीएमआयआयने (बोर्डवरच्या दोन चिपना जोडणाऱ्या इथरनेटच्या तारांनी) प्रोसेसरला जोडलंय. लॅन पोर्टवर १००० मेगाबिटची लिंक दिसते, पण प्रोसेसरपर्यंत पॅकेट धड पोचत नाहीत. कोणी तरी सुचवलं म्हणून १०० केलं, तर सगळं चालू झालं. साहेबांना मात्र १०००च हवंय, म्हणून लिनक्सच्या ड्रायव्हरमध्ये स्पीड फोर्स करायची (हाताने पक्का बसवायची) जागा तुम्ही शोधताय.

ड्रायव्हरला हात लावू नका. महाप्यात मी हेच काम करतो आणि आमच्याकडे येणारा प्रत्येक नवा मुलगा पहिल्यांदा रजिस्टरकडेच (चिपमधल्या सेटिंगच्या खणाकडेच) धावतो. या चिपच्या प्रत्येक पोर्टला एक मॅक कंट्रोल रजिस्टर आहे (मॅक म्हणजे पॅकेट पाठवणारा-घेणारा भाग). त्यातले खालचे दोन बिट वेग ठरवतात: ०० म्हणजे १०, ०१ म्हणजे १००, १० म्हणजे १०००, आणि ११ म्हणजे ‘फोर्स करू नका’. दिसायला अगदी सोपं. पण याच घराण्यातल्या १० गिगाबिटच्या चिपमध्ये तेच ११ म्हणजे १००००. तुमच्या चिपवर २०० चा वेगही मिळतो, तोही फक्त पोर्ट ५ आणि ६ वर, आणि त्यासाठी आणखी एक बिट लावावा लागतो. म्हणून तर त्या ड्रायव्हरमध्ये चिपच्या प्रत्येक कुटुंबासाठी वेग लावणारं वेगळं फंक्शन आहे. तिथे हाताने १००० कोंबलं, तर पुढच्या बोर्डवर दुसरी चिप आली की तो पॅच निस्तरायला तुम्हालाच बोलावतील.

वेग ठरवायची जागा डिव्हाइस ट्री, म्हणजे बोर्डवर काय कुठे जोडलंय हे कर्नलला सांगणारी फाइल. लॅन पोर्टमागे फाय (केबलवरचे सिग्नल सांभाळणारा भाग) असतो, तो समोरच्या मशीनशी निगोशिएट करतो, निकाल कर्नलमधल्या फायलिंककडे जातो आणि फायलिंक ड्रायव्हरच्या ‘मॅक लिंक अप’ फंक्शनला वेग, डुप्लेक्स (दोन्ही दिशांना एकाच वेळी की आळीपाळीने) आणि पॉज (समोरच्याला थांबवायची सोय) सांगतं. ड्रायव्हरने ते फक्त रजिस्टरच्या भाषेत लिहायचं. सीपीयू पोर्टवर, म्हणजे तुमच्या पोर्ट ५ वर, फाय नाही, दोन्ही बाजूंना नुसते मॅक, त्यामुळे निगोशिएट करणारं कोणीच नाही. तिथे डिव्हाइस ट्रीतल्या पोर्ट ५ च्या नोडखाली (नोंदीखाली) ‘फिक्स्ड-लिंक’ द्यायची, त्यात स्पीड १००० आणि फुल-डुप्लेक्स. आणि तीच फिक्स्ड-लिंक प्रोसेसरच्या इथरनेट नोडमध्येही द्यायची. ही दुसरी ओळ हमखास राहून जाते, कारण दोन नोड बहुधा दोन वेगळ्या फायलींत असतात.

दोन्ही टोकं खरंच १००० वर आहेत का, हे स्कोप लावून पाहा. आरजीएमआयआयचं घड्याळ १००० ला १२५ मेगाहर्ट्झ, १०० ला २५ आणि १० ला २.५ वर चालतं. दोन्ही दिशांची घड्याळं वेगळी असतात, म्हणून दोन्ही मोजा. लॅबमध्ये १०० मेगाहर्ट्झचाच स्कोप असला तरी चालेल; १२५ चा चौकोन त्यावर साइनसारखा गोल दिसेल, उंचीही कमी दिसेल, पण फ्रिक्वेन्सी नीट कळते.

आता तुमच्या लक्षणाकडे येतो, कारण १०० वर चालतं आणि १००० वर नाही यावरून दोष वेगात नसावा असं मला वाटतं. १००० वर डेटा घड्याळाच्या दोन्ही कडांवर जातो. पूर्ण आवर्तन ८ नॅनोसेकंदांचं, म्हणजे एका नमुन्याला जेमतेम ४. डेटा स्थिर असताना कड यावी म्हणून घड्याळाला साधारण २ नॅनोसेकंद उशीर द्यावा लागतो. हा उशीर एकानेच द्यायचा: पाठवणाऱ्याने, घेणाऱ्याने, किंवा बोर्डवरच्या लांब ट्रेसने (तांब्याच्या रेघेने). कोणीच दिला नाही किंवा दोघांनी दिला, तर सीआरसीच्या (पॅकेट वाटेत बिघडल्याच्या) चुका पडतात. १०० वर आवर्तन ४० नॅनोसेकंदांचं असतं, तिथे २ इकडेतिकडे झाले तरी खपून जातात. म्हणून ‘१०० केलं आणि चाललं’ हा इलाज नाही, ते निदान आहे.

हा उशीर डिव्हाइस ट्रीतल्या ‘फाय-मोड’मध्ये सांगतात. पोर्ट ५ ला ‘आरजीएमआयआय-आयडी’ लिहिलं की हा ड्रायव्हर स्विचमध्ये दोन्ही दिशांचा उशीर चालू करतो. ‘-टीएक्सआयडी’ आणि ‘-आरएक्सआयडी’ हे एकेका दिशेचे. गोची प्रोसेसरच्या बाजूला आहे. तिथल्या मॅकचे काही ड्रायव्हर हा शब्द वाचून स्वतः उशीर घालतात, काही ‘समोरचा घालेल’ म्हणून गप्प बसतात. त्या ड्रायव्हरचा कोड उघडून पाहा, त्याला पर्याय नाही. आणि लेआउट करणाऱ्याला विचारा की ट्रेसमध्ये नागमोडी वळणं देऊन उशीर आधीच ठेवलाय का.

सीपीयू पोर्टला स्वतःचा इंटरफेस नसतो, त्यामुळे तो आयएफकॉन्फिगमध्ये दिसत नाही आणि लोक गोंधळतात. पण त्याचे काउंटर दिसतात: प्रोसेसरच्या इथरनेट इंटरफेसवर एथटूलने (नेटवर्क पोर्ट तपासायच्या आणि लावायच्या कमांडने) आकडेवारी मागा, खाली ‘पी०५’ ने सुरू होणाऱ्या ओळी सापडतील. तिथे एफसीएसच्या (म्हणजे त्याच सीआरसीच्या) चुका वाढत असतील तर प्रोसेसरकडून स्विचकडे जाणारी दिशा बिघडलीय. त्या स्वच्छ असून प्रोसेसरच्या मॅकचे आरएक्स सीआरसी वाढत असतील तर उलटी.

राहिले लॅन पोर्ट. ते ड्रायव्हरमधूनही नको आणि डिव्हाइस ट्रीतूनही नको. एथटूल पुरेसं आहे. फक्त ऑटोनेग (दोन टोकांनी आपसात वेग ठरवणं) बंद करून १०० फुल लावू नका. घोडबंदरच्या सोसायट्यांत लांबलचक केबल ओढणाऱ्या कॅमेरावाल्यांची ही आवडती युक्ती: एका टोकाला १०० फुल फोर्स करायचं आणि दुसरं ऑटोवर सोडायचं. ऑटोवरच्या टोकाला समोरून काहीच सांगितलं जात नाही. वेग ते ओळखतं, पण नियमाप्रमाणे डुप्लेक्स हाफ धरतं. मग लिंक हिरवी, रात्री ट्रॅफिक वाढला की लेट कोलिजन (पॅकेटांची उशिरा होणारी टक्कर). १००च हवं असेल तर ऑटोनेग चालू ठेवा आणि एथटूलच्या ‘अ‍ॅडव्हर्टाइज’ला हेक्स ००८ द्या, म्हणजे पोर्ट फक्त १०० फुलचीच जाहिरात करेल. तांब्याच्या केबलवरचा गिगाबिट तर ऑटोनेगशिवाय धरूच नका. कोण मास्टर आणि कोण स्लेव्ह हे त्यातच ठरतं.

एवढं करूनही अडलं, तर कर्नलची आवृत्ती, दोन्ही नोड आणि ‘पी०५’च्या ओळी इथे चिकटवा. त्या पाहिल्याशिवाय पुढचं काही सांगणं म्हणजे अंधारात दगड मारणं होईल.